लेहच्या वाटेवरची करोल बाग आणि बाइकची नवी काच

दिल्लीला गेलेला मराठी माणूस करोल बागेत दोन कारणांसाठी जातो. एक लग्नाची खरेदी आणि दुसरं सोनं. पण जून उजाडला की इथे तिसऱ्याच प्रकारची गर्दी दिसू लागते. केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात पासिंगच्या धुळीने माखलेल्या बाइक गल्लीबोळांत उभ्या असतात. कुणी सामान बांधायची जाळी शोधतंय, कुणी पेट्रोलचा जादा कॅन, कुणी क्लचची वायर. सगळ्यांना एकाच ठिकाणी जायचं असतं: लेह.

मनालीमार्गे लेहला बाइकवर जाणाऱ्यांसाठी करोल बाग हे शेवटचं मोठं दुकान आहे. इथून पुढे जे मिळेल ते नशिबाने. म्हणूनच आमच्या बाइकची विंडशील्ड, म्हणजे पुढची काच, जयपूर-दिल्ली रस्त्यावर तडकली तेव्हा मी आणि बाबा थेट इथे आलो.

नवी काच कशी निवडायची आणि मिळाली नाही तर कशी बनवून घ्यायची, हे या बाजाराने आम्हाला शिकवलं. तुमच्या घरात कुणी बाइकवर लांबच्या प्रवासाचा बेत आखत असेल, तर हे तुमच्याही उपयोगी पडेल.

नकाशातलं लडाख

बाबा भूगोलाचे शिक्षक. तीस वर्षं फळ्यावर लडाख काढलं, झंस्कार आणि काराकोरम पर्वतरांगा रंगवल्या, पण प्रत्यक्ष कधी गेले नाहीत. निवृत्तीनंतर मीच म्हटलं, "बाबा, तुम्ही मागे बसा. मी चालवते."

अडचण त्यांच्या मानेची होती. मणक्याची झीज असल्यामुळे डॉक्टरांनी अटी घालूनच परवानगी दिली होती: तासाभराने थांबायचं, जड सामान उचलायचं नाही आणि मानेला सतत हिसके बसू द्यायचे नाहीत. वाऱ्याचे हिसके हे मागे बसणाऱ्याचं खरं दुखणं. पुण्याहून दिल्लीपर्यंत काचेमुळे ते निभावलं. पण शेवटच्या टप्प्यात ट्रकच्या चाकातून उडालेला खडा बसला आणि काच खालून वरपर्यंत तडकली. उरलेले शंभर किलोमीटर आम्ही काचेशिवाय आलो. पहाडगंजच्या खोलीवर पोहोचलो तेव्हा बाबांना मान वळवता येत नव्हती.

फोनवर आईने एकाच वाक्यात निकाल दिला, "त्यांना रेल्वेत बसवून दे."

बाबा काही बोलले नाहीत. बॅगेतला लडाखचा नकाशा काढून बघत बसले. माझ्या रजेचे दहा दिवस उरले होते.

काच नेमकं काय करते?

बऱ्याच जणांना वाटतं, काच फक्त दिसायला छान म्हणून लावतात. खरं काम वेगळं आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा साधारण चौपट होतो. ताशी ५० ला जो वारा गार आणि सुखाचा वाटतो, तोच १०० ला छातीवर ढकलत राहतो. तो रेटा सोसायला हात, खांदे आणि मान दिवसभर ताणलेली राहतात. संध्याकाळी जो थकवा येतो, त्यात या ताणाचा वाटा मोठा असतो.

थंड प्रदेशात तर वाऱ्यामुळे अंगातली ऊब झपाट्याने जाते. बोटं बधिर झाली की ब्रेक आणि क्लच नीट दाबले जात नाहीत. शिवाय किडे, वाळू आणि समोरच्या गाडीने उडवलेला चिखल असतोच.

पण काच म्हणजे हेल्मेट नव्हे. काच कितीही मोठी असली, तरी डोळ्यांचं खरं संरक्षण हेल्मेटचं व्हायझरच करतं.

सोमवारची सुट्टी

आम्ही रविवारी रात्री पोहोचलो आणि करोल बागेचा बाजार सोमवारी बंद असतो. एक दिवस असाच जाणार म्हणून मी वैतागले होते. पण बाबांनी लॉजवाल्याकडून पाण्याच्या बाटल्यांचा रिकामा खोका मागून आणला आणि म्हणाले, "आधी माप तर घेऊ. दुकानात गेल्यावर कुणी विचारलं, तर काय सांगणार?"

तो सोमवार खरं तर सगळ्यात कामाचा ठरला. विंडशील्ड घ्यायची असो वा बनवायची, पुठ्ठ्याचा नमुना आधी करावा. पद्धत अगदी सोपी आहे.

जुनी काच पुठ्ठ्यावर ठेवून भोकांच्या खुणा करून घ्या. वरची उंची मात्र मुद्दाम चार-पाच बोटं जास्त ठेवा, कारण पुठ्ठा कापून कमी करता येतो, जोडून वाढवता येत नाही. हा पुठ्ठा चिकटपट्टीने बाइकला लावा. बाइक मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, हेल्मेट घाला आणि रोज चालवताना बसता तसंच बसा. उगाच ताठ बसू नका. मागे बसणारी व्यक्तीही त्याच वेळी बसलेली हवी, कारण दोघांच्या वजनाने बाइक दबते आणि माप बदलतं.

आता समोर बघा. पंधरा-वीस मीटरवरचा रस्ता तुम्हाला काचेच्या वरून दिसला पाहिजे, काचेतून नव्हे. पावसात, रात्री समोरच्या दिव्यांच्या झगमगाटात किंवा काच चिखलाने माखल्यावर आरपार दिसणं बंद होतं. काचेवरून येणारा वारा कडेपाशी तसाच सरळ जात नाही, आणखी थोडा वर उसळतो. म्हणून काचेची वरची कड साधारण नाकाच्या पातळीला असली, तरी वारा हेल्मेटच्या वरून जाऊ शकतो. आम्ही एकेक बोट कापत गेलो आणि लॉजचा वॉचमन बाजूला उभा राहून कड कुठे येते ते सांगत गेला.

शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. कुठलीही वायर, ब्रेकची नळी किंवा आरसा पुठ्ठ्याला घासता कामा नये. हेडलाइट आणि इंडिकेटर झाकले जात नाहीत ना, हेही तपासा.

दगडाने की स्क्रूने?

मंगळवारी सकाळी पुठ्ठा आणि फुटकी काच घेऊन आम्ही नाईवाला भागातल्या गल्ल्यांत शिरलो. पुण्याच्या नाना पेठेची सवय असलेल्यांना इथे परकं वाटणार नाही. तीच गजबज, तेच छताला टांगलेले आरसे आणि सायलेन्सर, तीच दुकानांबाहेर फुटपाथवर चालणारी दुरुस्ती. मात्र इथे बुलेटचा थाट मोठा. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी करोल बागेत नव्याने धंदे उभे केले. त्यांची दुसरी-तिसरी पिढी आज गल्ल्यावर बसलेली दिसते.

एका वयस्कर सरदारजींनी आमची फुटकी काच हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "बेटा, इसे पत्थर ने नहीं, पेच ने तोड़ा है."

तडा खरोखरच स्क्रूच्या भोकापासून सुरू झाला होता. मागच्या सर्व्हिसिंगमध्ये कुणीतरी रबर न घालता स्क्रू करकचून आवळला होता. भोकाभोवती आधीच केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. खड्याने फक्त शेवटचं निमित्त दिलं. हे कळलं म्हणून बरं झालं. नाहीतर नवी काचही तशीच बसवली गेली असती आणि ती बहुधा अशा ठिकाणी फुटली असती, जिथे करोल बाग नाही.

आमच्या मॉडेलची मूळ काच मागवायला दहा दिवस लागणार होते. दुकानात तयार पर्याय तीन होते.

पहिला, छोटी काळी फ्लायस्क्रीन. दिसायला झकास, पण वारा थेट हेल्मेटवर आणून सोडणारी. शिवाय काळ्या काचेतून रात्री काय दिसणार?

दुसरा, हँडलवर बसणारी मोठी उंच काच. आडोसा भरपूर. पण हँडलवरची मोठी काच शिडासारखी वागते. बाजूने वाऱ्याचा झोत आला की तो थेट हँडल ओढतो. मैदानी रस्त्यावर चालून जाईल, खिंडीत नको. फ्रेमला बसणाऱ्या काचेचा धक्का हँडलवर येत नाही.

तिसरा, दुसऱ्या मॉडेलची काच भोकं पाडून बसवणं. ती आमच्या पुठ्ठ्यावर ठेवून पाहिली, तर चार बोटं आखूड निघाली.

सोमवारी पुठ्ठा कापला नसता, तर यातलं काहीतरी घेऊन आम्ही निघालो असतो.

"पाव्हणं, कुठलं म्हणायचं?"

आमचं मराठी बोलणं ऐकून मागून आवाज आला. पन्नाशीचे एक गृहस्थ चहा पीत उभे होते. विट्याकडचे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पसरली आहेत आणि करोल बाग हे त्यांचं दिल्लीतलं जुनं ठाणं. भट्टीसमोर आयुष्य गेलेल्या या काकांनी पुठ्ठा पाहिला आणि म्हणाले, "तयार मिळंना तर बनवून घ्या की! पाट्या करणारा हाय पलीकडच्या गल्लीत. आमच्या दुकानाची पाटी त्यानंच केली."

दुकानांच्या पाट्या, ट्रॉफ्या आणि नावाचे फलक करणारा कारागीर प्लॅस्टिकच्या शीट रोज कापतो, घासतो, वाकवतो. बाइकची काच हे त्याच्यासाठी वेगळ्या आकाराची पाटीच. ही गोष्ट लक्षात ठेवा. दिल्लीच कशाला, इंदूर, हुबळी, सुरत किंवा बंगळुरू, कुठल्याही मोठ्या गावात असा कारागीर सापडतो.

अ‍ॅक्रिलिक की पॉलिकार्बोनेट?

त्याच्याकडे दोन पर्याय होते. दिसायला दोन्ही सारखेच पारदर्शक, पण स्वभाव अगदी उलटे.

अ‍ॅक्रिलिक स्वच्छ आणि चकचकीत असतं, त्यावर ओरखडे तुलनेने कमी पडतात आणि उन्हात ते सहसा पिवळं पडत नाही. गरम करून त्याला गोलाई देणंही सोपं. दोष एकच, पण मोठा: ते ठिसूळ असतं. जोराचा मार बसला की तडकतं आणि तुकड्यांना धार असते.

पॉलिकार्बोनेट म्हणजे हेल्मेटच्या व्हायझरमध्ये सर्रास वापरतात ते. हातोडीचा घाव सोसेल इतकं चिवट. पण ओरखडे पटकन पडतात आणि वरून संरक्षक थर नसेल, तर उन्हात हळूहळू पिवळं पडतं. पेट्रोल, थिनर, अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव आणि स्क्रू घट्ट राहावा म्हणून लावतात ते लॉकिंग द्रव, या सगळ्यांचं त्याला वावडं. यातलं काही लागलं की आतून बारीक भेगा पडू लागतात.

शहरात आणि चांगल्या हायवेवर चालवायची असेल, तर अ‍ॅक्रिलिक उत्तम. आमच्यापुढे खडीचे रस्ते आणि लष्करी ट्रकचे ताफे होते. बाबा म्हणाले, "ओरखडे पडले तर चालतील, तुकडे नकोत." म्हणून आम्ही ३ मिलिमीटर जाडीचं भरीव पॉलिकार्बोनेट घेतलं. छपरासाठी वापरतात ती आतून पोकळ असलेली पन्हाळी शीट या कामाची नाही.

कारागिराने एक गोष्ट आधीच स्पष्ट केली. पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा शोषतं. भट्टीत तासन्‌तास वाळवल्याशिवाय तापवलं, तर त्यात बुडबुडे येतात. तशी भट्टी त्याच्याकडे नव्हती. म्हणून गरम न करता, थंडच हलकेच वाकवून बसवायचं ठरलं. याचा सोपा नियम असा: गोलाईची त्रिज्या शीटच्या जाडीच्या किमान शंभरपट असावी. म्हणजे ३ मिलिमीटरसाठी ३० सेंटिमीटर, आणि त्याहून जास्त असेल तितकं बरं. आमच्या जुन्या काचेची गोलाई याहून बरीच सौम्य होती, त्यामुळे काम जमलं.

भोक, वॉशर आणि चतकोर फेरा

काच टिकते ती भोकांच्या कामावर. प्लॅस्टिक उन्हात फुगतं, थंडीत आकसतं. दिल्लीच्या चाळीस अंशांत बसवलेली काच बारलाचाच्या थंडीत जाणार होती. तिला हलायला जागा नसेल, तर ताण भोकापाशी साठतो आणि तिथूनच तडा जातो.

म्हणून भोक स्क्रूपेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठं हवं आणि कडेपासून बऱ्यापैकी आत हवं. त्यात रबराचं बूच, दोन्ही बाजूंना नायलॉनचे किंवा रबराचे वॉशर. डोकं काचेत रुतणारे निमुळते स्क्रू वापरू नयेत, सपाट बुडाचेच घ्यावेत. स्क्रू हाताने घट्ट होईपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने फक्त चतकोर फेरा. ड्रिल हळू चालवायचं, खाली लाकडाची फळी ठेवून. चारही कडा कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने गोल करायच्या. धारदार कड हाताला लागतेच, शिवाय तडा जायलाही तीच जागा सापडते.

संध्याकाळी सातला काच तयार झाली. साहित्य आणि मजुरी मिळून अठराशे रुपये. रबराचे वॉशर सरदारजींनी दिले आणि पैसे घ्यायला नकार दिला. गलाईवाले काका तोपर्यंत दोनदा येऊन काम बघून गेले होते.

मुरथळची परीक्षा, पहाडातली परीक्षा

बुधवारी पहाटे पाचला निघालो. ताशी साठपर्यंत सगळं छान होतं. ऐंशीला मागून बाबांनी खांद्यावर थाप मारली. त्यांचं हेल्मेट थरथरत होतं. मला मात्र काहीच जाणवत नव्हतं.

हे अनेकांना होतं. काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि वरच्या कडेवरून आलेला वारा गिरक्या घेत त्या पोकळीत घुसतो. चालवणारा त्यातून वाचतो, मागचा सापडतो. लोक अशा वेळी आणखी उंच काच लावतात. पण पुष्कळदा उपाय खाली असतो. काचेच्या खालून थोडा वारा आत येऊ दिला की मागची पोकळी भरते आणि गिरक्या कमी होतात.

मुरथळला पराठे येईपर्यंत मी चारही स्क्रू सैल केले, मध्ये जादा रबरी वॉशर घालून काच दीड सेंटिमीटर पुढे घेतली आणि खाली फट ठेवली. पुन्हा ऐंशी गाठले. थाप आली नाही. दहा मिनिटांनी मीच विचारलं, "बाबा, ठीक ना?" उत्तर आलं, "तू समोर बघ. मी पंजाबचं मैदान बघतोय."

पुढे कुलूच्या पावसात काचेने चिखल अडवला. २०२० मध्ये सुरू झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडून लाहौलमध्ये बाहेर पडलो, तेव्हा बाजूने एकदम वारा आला, पण हँडल सरळ राहिलं. सुमारे सोळा हजार फुटांवरच्या बारलाचा खिंडीत बोटं गारठली, पण छाती उबदार होती. आणि मग मोरे मैदान. पंधरा हजार फुटांच्या वर, चाळीसेक किलोमीटर सपाट पसरलेलं, दुपारी वाऱ्याने झोडपून काढणारं पठार. तिथे मी ताशी पन्नासच्या वर गेले नाही. काचेवर वाळू तडतडत होती. बाबांनी तिथे थांबायला सांगितलं, खाली उतरले, मान सावकाश डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवून चारही दिशा पाहिल्या आणि म्हणाले, "हे मी मुलांना नुसतं 'पठार' म्हणून सांगत होतो."

आईला लेहहून फोन केला. तिने पहिला प्रश्न मानेचा विचारला. दुसरा, तिथे थंडी किती आहे, तिला कधी नेणार?

तुम्ही निघणार असाल तर

• करोल बागेला सोमवारी सुट्टी असते. मेट्रोच्या ब्लू लाइनवर करोल बाग किंवा झंडेवालान स्थानकावर उतरा. सकाळी दुकानं उघडताच जा, संध्याकाळी गर्दीत कुणाला माप बघायला वेळ नसतो.

• जुनी काच कितीही फुटलेली असली, तरी टाकून देऊ नका. भोकांचं माप तिच्यावरच असतं.

• काच निवडताना मागे बसणाऱ्याला सोबत न्या. त्याच्या हेल्मेटचं मतही घ्या.

• नवीन शीटवरची पातळ फिल्म काम पूर्ण झाल्यावरच काढा, पण काढून टाका. उन्हात राहिली तर चिकटून बसते.

• काचेवर वाळलेले किडे घासू नका. ओलं फडकं दहा मिनिटं काचेवर पसरून ठेवा, मग साध्या साबणाच्या पाण्याने अलगद पुसा. वर्तमानपत्र, पेट्रोल आणि घरातलं काच पुसायचं द्रव लांब ठेवा.

• सोबत चार जादा स्क्रू, सहा-आठ रबरी वॉशर आणि रुंद चिकटपट्टी ठेवा. तीनशे किलोमीटरनंतर एकदा स्क्रू हाताने तपासा, पण आवळत सुटू नका.

• नवी काच लावल्यावर पहिली फेरी जवळच्या रस्त्यावर, कमी वेगाने मारा. सामान बांधून थेट हायवेला लागू नका.

आणि पुठ्ठ्याचा नमुना जपून ठेवा. आमचा आता पुण्यात कपाटामागे आहे. त्यावर बाबांनी शाळेतल्या सवयीने पेनने लिहिलं आहे: वरची बाजू, बाइकचं मॉडेल, भोकांमधलं अंतर. पुढच्या वर्षी आई मागे बसणार आहे. तिची उंची बाबांपेक्षा सहा इंच कमी आहे, त्यामुळे माप पुन्हा घ्यावं लागेल.